न जाणवणारा ब्रेक

कुंभार्ली घाट उतरताना मामांच्या शेजारची जागा मिळाली, तर ती मी कुणाला देत नाही. मागच्यांना दरी दिसते, पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारं पाणी दिसतं. मी मामांचा डावा हात आणि उजवा पाय बघत बसतो. त्यांच्या गाडी चालवण्याचं कौतुक कुणी केलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. आपल्याकडे कौतुक होतं ते कराडहून चिपळूण दीड तासात गाठणाऱ्याचं. मामांच्या गाडीत माणसं झोपतात. पाटण सोडताना सुरू झालेल्या गप्पा हेळवाकपर्यंत विरतात आणि घाट संपून पोफळी येते तेव्हा कुणीतरी डोळे चोळत विचारतं, "घाट झाला?" इतक्या वळणांमध्ये कुणाची मान हिंदकळू न देणं हे कौशल्य झोपलेल्या माणसाला कळत नाही. म्हणून जागं राहून कुणीतरी ते नीट बघायला हवं.

बघता बघता एक गोष्ट ध्यानात येते. मामांचं सगळं आधी घडतं. ब्रेक वळणाच्या आधी, गिअर उताराच्या आधी, आणि गाडी चालवण्याची सुरुवात आदल्या रात्री, डिकीपाशी.

गणपतीला खाली उतरताना सामान काही थोडं नसतं. गुळाची ढेप, तेलाचा डबा, कांदे-बटाट्यांच्या पिशव्या, कपड्यांच्या बॅगा, सजावटीचे खोके. मामा ते एकट्याने लावतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. जड ते तळाला आणि मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटून, हलकं त्यावर. डिकीच्या टोकाला, दाराजवळ जड वस्तू कधीच नाही. मागच्या चाकांच्याही मागे वजन गेलं की गाडीचं नाक उचलतं आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. वळवण्याचं सगळं आणि ब्रेक लावण्याचं बहुतेक काम पुढचीच चाकं करत असतात. तीच हलकी झाली तर स्टेअरिंग सैल सैल लागायला लागतं. टपावरच्या कॅरिअरवर खोके जातात, ढेप नाही. उंचावर चढवलेलं वजन प्रत्येक वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूला कलवतं, आणि टपाला किती किलो सोसतं हे गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं.

मागच्या काचेखालच्या फळीवर तर ते काहीच ठेवू देत नाहीत. एकदा मावशीने परतीच्या वाटेवर तिथे नारळ ठेवले होते, ते त्यांनी उचलून पायाशी ठेवायला लावले. पन्नासच्या वेगात गाडी कशावर तरी आदळली, तर गाडी थांबते, नारळ थांबत नाही. तो पन्नासच्याच वेगाने पुढच्या माणसाच्या डोक्याकडे येतो. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेल्या माणसाचंही हेच होतं, फक्त वजन नारळाच्या चाळीस-पन्नास पट. म्हणून मागच्यांचेही पट्टे लागल्याशिवाय किल्ली फिरत नाही. कायद्यानेही मागच्या सीटवर पट्टा सक्तीचा आहे, पण मामांनी कायद्याचं नाव काढलेलं मला आठवत नाही. पाण्याची बाटली ते स्वतः दाराच्या कप्प्यात खोचतात आणि ड्रायव्हरच्या पायाखालची चटई हाताने ओढून बघतात. उतारावर घरंगळत आलेली बाटली ब्रेकच्या पायपट्टीखाली अडकली, तर पाय कितीही जोरात दाबला तरी गाडी ऐकणार नाही.

भरलेल्या गाडीच्या दोन गोष्टी मी त्यांच्याकडूनच शिकलो. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर एक लहान चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर टायरमधल्या हवेचे आकडे असतात, आणि पुष्कळ गाड्यांत ते दोन प्रकारचे असतात, दोन-तीन माणसांसाठी वेगळे, भरलेल्या गाडीसाठी वेगळे. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, उलगडतो आणि तापतो. दुसरी गोष्ट स्टेअरिंगच्या बाजूला असलेली शून्य ते तीन आकड्यांची छोटी चकती. मागे वजन आलं की हेडलाइटचा झोत वर उचलला जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. चकती फिरवली की झोत खाली येतो. कित्येक वर्षं गाडी चालवणाऱ्यांनी ही चकती एकदाही फिरवलेली नसते. आपल्या उजेडाचा त्रास समोरच्या अनोळखी माणसाला होऊ नये, याची काळजी घरून निघताना घेणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता घाटमाथा. रस्ता अजून सपाट असतो, दरी दिसायची असते, आणि मामांचा डावा हात गिअरवर येतो. गाडी तिसऱ्यात, थोड्या वेळाने दुसऱ्यात. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. आजच्या इंजिनांना ताकद जास्त, ती वरच्या गिअरमध्येही चढून जातात. म्हणून मामा त्या नियमाहून एक पायरी खालीच राहतात. उतार सुरू झाल्यावर इंजिनाचा आवाज चढतो. नवख्याला वाटतं, इंजिनाला त्रास होतोय. प्रत्यक्षात तो आवाज गाडी धरून ठेवल्याचा असतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल इंजिनात हवेची वाट जवळजवळ बंद होते. आता चाकं इंजिनाला फिरवत असतात, आणि हवा ओढू बघणाऱ्या पिस्टनांचा विरोध गाडीला मागे खेचतो. त्या वेळी इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल जाणंच बंद होतं. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, आणि गाडी सावरण्याचा सगळा भार ब्रेकवर येतो.

तो भार केवढा, याचा हिशेब सोपा आहे. माणसं-सामानासकट चौदाशे किलोची गाडी पाचशे मीटर खाली उतरली, तर तिच्या उंचीतून जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात मोठी बादलीभर, म्हणजे वीस लिटरांहून जास्त, साधं पाणी उकळेल. ही सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. इंजिनाने आपला वाटा उचलला नाही, तर ती चार चाकांतल्या मूठभर लोखंडात आणि लायनरमध्ये साठते. लायनर प्रमाणाबाहेर तापले की त्यांची पकड सुटत जाते, पाय तितकाच दाबूनही गाडी कमी थांबते. दुसरा धोका ब्रेक ऑइलचा. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 जातीचं नवं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेल्या ऑइलसाठी ही खालची मर्यादा 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळ्यांत वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पाय तळापर्यंत गेला तरी चाकांपर्यंत जोर पोचत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हे मामांच्या घरी दिवाळीच्या साफसफाईइतकं ठरलेलं आहे. घाटाच्या पायथ्याशी चाकांतून करपल्याचा वास येत असलेल्या, बोनेट उघडून उभ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. बोनेट उघडून उपयोग नसतो, आणि तापलेल्या चाकांवर पाणी ओतून तर नुकसानच. लाल झालेलं लोखंड वाकडं होतं. थांबायचं, वाऱ्यावर गार होऊ द्यायचं.

मामांचा पाय ब्रेकवर विसावलेला कधी दिसत नाही. ते दाबतात तेव्हा स्पष्ट दाबतात, वेग हवा तेवढा उतरवतात आणि पूर्ण सोडून देतात, म्हणजे मधल्या वेळात चाकांना वारा मिळतो. सतत हलका पाय ठेवून उतरणं ऐकायला सौम्य वाटतं. त्यात ब्रेकला क्षणाचीही उसंत नसते.

एकच वळण नीट बघू. उजवीकडे वळणारं, डाव्या अंगाला दरी, पलीकडून काय येतंय ते दिसत नाही. इथे आतल्या बाजूला, म्हणजे समोरच्याच्या वाटेत शिरून वळण सरळ करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मामा आपली डावी बाजू सोडत नाहीत. रस्ता सरळ असतानाच ब्रेक, त्याच दमात हॉर्न, आणि स्टेअरिंग फिरायला लागतं तेव्हा पाय ब्रेकवरून उठलेला असतो. याचं कारण टायरपाशी आहे. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढाच असतो. त्याच्या पकडीतून थांबणंही भागवायचं आणि वळणंही. थांबण्यात सगळी पकड खर्च झाली, तर वळायला काही उरत नाही. शिवाय ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि अशा वेळी गाडी वळवली तर मागचा भाग बाहेर निसटू शकतो. पहिल्या पावसात, रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात कालवली जाते तेव्हा, हे सगळ्यात लवकर घडतं. मामा वळणाच्या मध्यावर फक्त गाडी गिअरच्या धाकात ठेवतात, नजर वळणाच्या दूरच्या टोकाला, आणि रस्ता उलगडू लागला की ॲक्सिलरेटरवर पाय किंचित टेकतो. मागे बसलेल्यांना यातलं काहीही कळत नाही. ब्रेक कुठे संपला आणि वळण कुठे सुरू झालं, हे शेजारी बसूनही मला पुष्कळदा डोळ्यांनीच ओळखावं लागतं, अंगाला जाणवत नाही.

खालून एसटी येताना दिसली, तर अरुंद जागेच्या अलीकडे गाडी उभी करून ते वाट देतात. चढणाऱ्याला आधी वाट, असं नियमही सांगतो. त्यामागची समज मला अधिक आवडते. चढावर भरलेली एसटी एकदा थांबली की ती पुन्हा हलवताना क्लच आणि ड्रायव्हर दोघांचा कस लागतो, गाडी मागे सरकू शकते. उतरणाऱ्याला फक्त पाय दाबायचा असतो.

पुढच्या ट्रकपासूनचं अंतर मामा दगडांवर मोजतात. ट्रकने किलोमीटरचा दगड ओलांडला की मनात सावकाश तीन आकडे, आणि मगच आपली गाडी त्या दगडाशी. पावसात सहा. चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, आणि पाय ब्रेकवर पोचण्यातच एखादा सेकंद सरतो. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर. चारही इंडिकेटर एकदम चालू ठेवून उतरणाऱ्यांचा मामांना राग येतो, कारण मग तो माणूस वळणार आहे की नाही, हे मागच्याला समजत नाही.

एका बाबतीत त्यांना आपली जुनी सवय मोडावी लागली. चाकं जाम होऊ नयेत म्हणून अचानक थांबताना ब्रेक दाब-सोड करत लावायचा, असं त्यांच्या पिढीने शिकलेलं. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, आणि अशा गाडीत ते काम यंत्रणा स्वतः, सेकंदात अनेकदा करते. तिथे पाय पूर्ण जोराने दाबून धरायचा, आणि स्टेअरिंगने अडथळा चुकवायचा. पायाखाली थरथर होते. घाबरून पाय उचलणाऱ्यांची संख्या मोठी असावी. नवी गाडी आल्यावर मामांनी एका मोकळ्या मैदानात मुद्दाम पूर्ण ब्रेक मारून ती थरथर ओळखीची करून घेतली. साठी उलटलेल्या माणसाने हातापायांत मुरलेली सवय अशी तपासून बदलावी, याचं मला घाटातल्या सगळ्या वळणांहून जास्त अप्रूप आहे.

चिपळूणला घर चढाच्या गल्लीत आहे. थांबण्याचा शेवटचा क्षण बघण्यासारखा असतो. गाडी थांबायच्या अगदी अलीकडे ब्रेकवरचा दाब थोडा कमी होतो, त्यामुळे थांबताना मागे बसणारा हिसका येतच नाही. मग पाय ब्रेकवर ठेवूनच हँडब्रेक ओढायचा, पाय हळूच सैल करून गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू द्यायचं, आणि त्यानंतर गिअर. नाक चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. तिच्यातही मामा हँडब्रेक आधी लावायला सांगतात, पी नंतर. नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खिळीवर लटकतं.

"चाकं कुठे फिरवलीस?" असं ते मला हमखास विचारतात. डाव्या बाजूला पदपथाची कड असेल आणि गाडी उताराकडे तोंड करून असेल, तर चाकं कडेकडे, डावीकडे. चढाकडे तोंड असेल तर उजवीकडे, म्हणजे गाडी मागे घसरलीच तरी पुढच्या चाकाची मागची बाजू कडेला टेकून थांबेल. कड नसेल तर दोन्ही वेळा रस्त्याबाहेर, मातीकडे. दरीकडे मात्र कधीही नाही. त्यावर चाकाला दगड, आणि निघताना तो दगड उचलून बाजूला टाकायचा, कारण रात्री मोटरसायकलवाल्याला तो दिसणार नाही. उन्हाळ्यात माळावर थांबताना वाळक्या गवतावर गाडी नेत नाहीत; धूर शुद्ध करणारं नळकांडं गाडीच्या पोटाखाली भट्टीसारखं तापलेलं असतं.

इंजिन बंद केल्यावर मामा उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडतात. हात आडवा गेला की खांदा वळतो, आणि खांद्याबरोबर मान वळून मागून येणारी सायकल दिसते. मुलांना मात्र या गल्लीत त्या बाजूने उतरायचीच परवानगी नाही. मागचं उजवं दार मामा आतून बंद ठेवतात, आणि सगळी जण एकेक करून डावीकडून उतरतात.