‘धक्का’ : कुणाला आणि कशाचा?

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून दलित आत्मकथनांविषयी बोलताना प्रस्थापित समीक्षा एक शब्द हमखास वापरते : ‘धक्का’. या लेखनाने मध्यमवर्गीय अभिरुचीला धक्का दिला, त्यातील अनुभव धक्कादायक आहेत, इत्यादी. देवणीत वर्गावर मीही हेच शिकवीत आलो. मागे एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात धक्का बसण्यासारखं काय आहे? आमच्या घरी तर हे सगळ्यांना माहीत आहे.” मला उत्तर देता आले नाही. म्हणून हा शब्दच तपासून पाहणे आवश्यक वाटले.

लातूर जिल्ह्यात हा शब्द प्रथम भूकंपाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरले, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्यानंतर लोक अंगणात निजत आणि सकाळी विचारीत, ‘रात्री धक्का जाणवला का?’ बंद पडलेल्या जीपला धक्का मारतात. दाखल्यासाठी गरीब माणूस कचेरीत धक्के खातो. पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर आमच्या मागच्या पिढ्यांच्या वाट्याला आला तोही धक्काच. या सर्व अर्थांत माणूस आहे त्या जागेवरून हलवला जातो, दूर लोटला जातो.

याच शब्दाचा दुसरा अर्थ समुद्राकाठचा आहे. तो आमच्या घरी १९७२ च्या दुष्काळात पोस्टकार्डावरून आला. आजोबा पोटासाठी मुंबईला गेले होते. त्यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतले होते, ‘मला धक्क्यावर काम लागले.’ शाळेच्या गुरुजींनी ते वाचून दाखवले. आजीने ‘धक्का’ आणि ‘लागले’ एवढेच पकडले आणि ती रडू लागली, “गुर्जी, लई लागलंय का वो त्यायला?” पुढे आजोबा गावी परतल्यावर त्यांनी तिला अर्थ सांगितला, “धक्का म्हंजी वझं उतरायची जागा.”

कोणत्याही समीक्षकाने याहून नेमकी व्याख्या केलेली मला आढळली नाही. बोट आणि जमीन यांच्यातील अंतर मिटावे म्हणून पाण्याच्या कडेला बांधलेला दगडी ओटा म्हणजे धक्का. रेल्वेचा मालधक्काही तसाच. वाघिणीचा तळ आणि धक्क्याचा माथा एका पातळीत आला, की हमालाला पोते घेऊन सरळ चालता येते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर आजही पहाटे मासळी उतरते आणि रेवस-मोऱ्याच्या लाँचा लागतात. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते ‘भाऊ’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातील लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. दगड वाहणाऱ्यांची नावे मात्र धक्क्याला मिळाली नाहीत.

म्हणजे एकच शब्द लोटण्यासाठीही आहे आणि जोडण्यासाठीही. प्रस्थापित समीक्षेने आमच्या साहित्यासाठी पहिलाच अर्थ का निवडला? कारण तिच्या मध्यभागी हादरणारा वाचक आहे, लिहिणारा माणूस नाही. धक्का हा क्षणाचा असतो. दुसऱ्या वेळी तो कमी बसतो. मग नव्या लेखकाकडून अधिक दाहक अनुभवांची मागणी होते, आणि ती पुरी झाली नाही की ‘तोचतोचपणा’ आला, असा निवाडा दिला जातो. भुकेत तोचतोचपणा असतो हे त्यांना कोण सांगणार?

या गडबडीत जे पाहायला हवे तेच नजरेतून सुटते. ‘बलुतं’मधील वडील मुंबईत ड्राय डॉकमध्ये कामाला होते. या ‘ड्राय डॉक’ची कामगारांच्या तोंडी ‘सुकी गोदी’ झाली. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांनी परका शब्द आपल्या श्रमाच्या मापाने मराठीत बसवला. ही भाषिक निर्मिती नव्हे काय? तिच्यावर किती पाने लिहिली गेली?

दलित आत्मकथनाला मी दुसऱ्या अर्थाने धक्का म्हणेन. पिढ्यान्‌पिढ्यांचे ओझे उतरवण्यासाठी आणि दोन समाजांतील अंतर मिटवण्यासाठी बांधलेला तो ओटा आहे. त्याची परीक्षा वाचक किती दचकला यावरून करू नये. बांधणी पक्की आहे का, भार पेलतो का, बोट लागते का, हे पाहावे. हे निकष कठोर आहेत आणि आमच्या लेखकांनाही ते लागू व्हावेत. दचकण्याची सवलत आम्हांला नको.

त्या विद्यार्थिनीला मी आता आजोबांची व्याख्या सांगितली आहे. ‘बलुतं’ पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले आहे.