बारकाव्याचे प्रमाण

विमानांच्या प्रतिकृती हा विषय ऐकून कोणी म्हणेल, कौंडण्यपुरात, रुक्मिणीच्या माहेरी, हे कायले? पण प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. दागिने किती चढवले म्हणजे मूर्ती दिसेनाशी होते, हाच तो प्रश्न.

प्लॅस्टिकच्या किटमधून विमाने जोडणाऱ्यांच्या कामात आम्हाला एक ओढ दिसते. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा खोल कोरायच्या, त्यांत काळा रंग भरायचा, रिव्हेटचे ठिपके उमटवायचे, वर रंग उडाल्याच्या खुणा करायच्या. पाहणारे म्हणतात, "काय बारकावे आहेत!" आमचे म्हणणे असे, की यातले पुष्कळ बारकावे खोटे आहेत.

हिशेब करू. एकास बहात्तर हे या छंदातले रूढ प्रमाण. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बनलेले मिग-२१ घ्या. त्याच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, प्रतिकृतीत तो १० सेंटिमीटरही भरत नाही. आता तिच्यावर पाव मिलिमीटर रुंदीची रेघ कोरली, तर खऱ्या विमानावर ती १८ मिलिमीटरची होते. म्हणजे करंगळी आत जाईल एवढी भेग! ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान अशा भेगा घेऊन उडेल काय? उलट, ५ मिलिमीटरच्या रिव्हेटचे डोके प्रतिकृतीत ०.०७ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढे होते.

अंतराचाही हिशेब आहे. प्रतिकृती आपण ३० सेंटिमीटरवरून पाहतो. ते खरे विमान साडेएकवीस मीटरवरून पाहण्यासारखे आहे. आपल्या बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचे एटीआर-७२ येऊ लागले. ज्यांनी ते पाहिले, त्यांना काय आठवते? अंगाच्या वर बसवलेला पंख, फिरणारे दोन पंखे, उंच शेपटी. रिव्हेट कोणाला आठवतो?

आता शब्दाकडे या. मराठीत 'स्केल'ला आपण प्रमाण म्हणतो, आणि न्यायदर्शनात यथार्थ ज्ञानाचे साधन तेही प्रमाणच. प्रतिकृतीत हे दोन्ही अर्थ एक होतात, असे आम्हाला वाटते. प्रमाण सोडलेला बारकावा ही खोटी साक्ष आहे. त्या अंतरावरून जे दिसते ते प्रत्यक्ष. ते कारागिराने द्यावे. जे आहे पण दिसत नाही, ते पाहणाऱ्याच्या अनुमानावर सोडावे. सगळेच दाखवले, तर पाहणाऱ्याला करायला उरते काय?

मग ही ओढ कशाची? आमच्या मते श्रम दाखवण्याची. दोन भागांचा सांधा लांबी भरून, घासून, अस्तर देऊन, पुन्हा घासून असा बुजवायचा की तो होता हेच कळू नये, याला कितीतरी संध्याकाळी लागतात. आणि काम जमले म्हणजे ते दिसतच नाही! रिव्हेट मात्र लगेच दिसतात आणि शाबासकी मिळवून देतात. म्हणून स्वच्छ विमानाला 'साधे' म्हणून पुढे जाणाऱ्या परीक्षकांशी आमचा वाद आहे. ते श्रमाला गुण देतात, पण फक्त दिसणाऱ्या श्रमाला. ही सवय छंदापुरती राहत नाही. घरात, शाळेत, शेतात, न दिसणारे काम करणाऱ्यांना आपण असेच वगळतो.

बारकाव्यांशी आमचे वैर नाही, हे लक्षात घ्या. एकास चोवीस प्रमाणात तोच रिव्हेट ०.२ मिलिमीटरचा होतो आणि पाहण्याचे अंतर ७.२ मीटरवर येते. तिथे तो हलक्या हाताने यावा. वैमानिकाची काच उघडी ठेवली असेल, तर आतले आसन आणि पट्टेही हवेतच. झिजलेले विमान करायचे असेल, तर त्या विमानाचे छायाचित्र समोर ठेवावे आणि झीज तिथेच दाखवावी.

बाकी कसोटी सोपी आहे. ब्रश उचलण्याआधी एवढेच विचारावे: साडेएकवीस मीटरवरून मला हे दिसले असते का? उत्तर 'नाही' आले, तर ब्रश खाली ठेवावा आणि सांधा आणखी एकदा घासावा.