अल्प भांडवल आणि अनल्प अश्रू

आपल्या प्रांताबाहेर बदली झालेल्या मराठी माणसाला मराठी चित्रपट निःपक्षपातीपणे पाहणे कठीण जाते. देवनहळ्ळीसारख्या गावी दिवसभर कानडी, इंग्रजी आणि कचेरीची हिंदी कानी पडल्यावर पडद्यावरून आलेल्या 'बाळा' या एका हाकेनेही त्याचा कंठ दाटून येतो. या गहिवराचे श्रेय मात्र चित्रपटाच्या पदरात टाकण्याचे कारण नाही. ते घराच्या ओढीचे आहे. परमुलखातील रसिकाने ही वजाबाकी करूनच भावनाप्रधान चित्रपटांचा हिशेब मांडावा, असे माझे मत आहे.

एका राजस्थानी चित्रपटावरून विजय कोंडके यांनी मराठीत आणलेल्या 'माहेरची साडी'ने (१९९१) अमाप गर्दी खेचली. अलका कुबल यांच्या सोशिक नायिकेसाठी स्त्रियांनी पदर भिजवले. त्या हुंदक्यांची टवाळी करणे अनुदारपणाचे ठरेल. त्यांतील पुष्कळांमागे स्वतःच्या संसारातले खरे दुःख होते. माझा आक्षेप आहे तो कथेच्या घाईवर. बापाचा दुरावा मनात मुरण्यापूर्वीच सासूचा छळ पुढे येऊन उभा राहतो. नायिका सोसते, आपण का सोसावे, हा प्रश्न तिला पडत नाही. म्हणून प्रेक्षकही रडून मोकळा होतो आणि विचार करण्यातून सुटतो.

याच्या शेजारी संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) ठेवून पाहावा. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग. शस्त्रक्रियेने प्राण वाचणार, पण दृष्टी जाणार. रडवण्यास याहून सोपा विषय कोणता? तरीही अरुण नलावडे यांचे आजोबा आक्रोश मांडत नाहीत. नातवाला एकदा डोळे भरून जग पाहता यावे म्हणून ते त्याला रुग्णालयातून बाहेर घेऊन जातात. डॉक्टरलाही येथे खलपुरुष केलेले नाही. भांडवल थोडे होते. संयम मोठा होता. 'श्यामची आई'नंतर अर्ध्या शतकाने राष्ट्रीय पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला मिळाला, तो या चित्रपटामुळेच.

कानडी मुलखात राहणाऱ्यांनी राम रेड्डी यांचा 'तिथि' (२०१५) अवश्य पाहावा. मंड्य जिल्ह्यातील खेड्यात, तेथल्याच अनभ्यस्त माणसांना घेऊन तो चित्रित झाला. एकशेएक वर्षांचा म्हातारा मरतो, त्यानंतरच्या अकरा दिवसांची ही कथा. मुलगा आपल्याच तंद्रीत भटकत असतो, नातवाला जमीन विकायची घाई आणि पणतूचे मन एका मेंढपाळ मुलीत गुंतलेले. शोकाची जागा व्यवहाराने घेतली, हे पाहून आपण आधी हसतो आणि मग अस्वस्थ होतो. भाषा आपली नसल्याने येथे घरच्या ओढीची मदत नाही. जे हृदयाला भिडते ते निव्वळ कलेच्या बळावर.

तेव्हा हलक्या दर्जाचे खापर तुटपुंज्या पैशावर फोडणे बरे नव्हे. महाग देखावे परवडत नाहीत, तेव्हा दिग्दर्शकाजवळ माणसाचा चेहरा तेवढा उरतो. त्या चेहऱ्याकडे धीराने पाहायचे, की त्यावर आसवांचा अभिषेक करायचा, याची निवड करायला पैसा लागत नाही.