अर्ध्या दिवसाचं कोची

आम्ही सहाजण, एक गाडी, एक गाईड आणि चार तास. माणसं मोजकी असली की प्रश्न विचारता येतात, हा अशा सहलीचा मोठा गुण. गाईड बोलायचाही छान. पण ऐकता ऐकता खटकायला लागलं. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाच्या रिकाम्या थडग्यापाशी वीस मिनिटं. १५२४ साली तो इथं वारला, पुढं अस्थी पोर्तुगालला नेल्या, सगळं सांगितलं. चिनी जाळ्यांपाशी फोटो झाले. मट्टांचेरीत १५६८चं सिनेगॉग पाहिलं. तिथलं जैन मंदिर विचारलं, तर "टाइम नहीं है, मॅडम."

पोर्तुगीजांच्या जाचानं गोवा सोडून आलेली कोकणी घरं इथं पिढ्यान् पिढ्या आहेत. मिरी-सुंठीच्या व्यापाराला आलेले गुजराती, कच्छी आहेत. बंदर काय नुसत्या आरमारावर चालतं? वखार नको? हिशेबाची वही नको? त्यांचं नावच नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून एकटीच गेले. धर्मनाथांचं मंदिर श्वेतांबरांचं, आम्ही बेळगावचे दिगंबर. तरी हात आपसूक जोडले गेले. कबुतरांना दाणे टाकताना एका गुजराती आजींनी गाव विचारलं, बसवून घेतलं. घड्याळ कुणीच पाहिलं नाही. सहल जरूर घ्या. पण पुढचा दिवस मोकळा ठेवा.