माप कोणत्या मुलाचे?

लाकडी पाळण्याच्या कठड्याला उभे गज असतात. दोन गजांमध्ये फट किती ठेवावी, हा प्रश्न सुताराचा वाटतो. पण त्याचे उत्तर बाळाच्या शरीरात शोधावे लागते. फट रुंद असली तर तान्हे मूल पायांकडून बाहेर सरकते. पाय जातात, नितंब जातात, छाती दबून तीही निघते. डोके मात्र अडकते आणि मूल गळ्याशी लटकते. असे मृत्यू घडल्यामुळे अमेरिकेत १९७३ साली ही फट सुमारे ६० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी असा नियम झाला. डोके अडकते म्हणून डोके मोजावे, असे आपल्याला प्रथम सुचते. येथे आधार घेतला तो नितंबांच्या जाडीचा, आणि तोही सरासरी बाळाच्या नव्हे, तर लहानखुऱ्या बाळाच्या. नितंबच अडले तर पुढचा प्रसंग येत नाही.

हाच विचार मोठ्या प्रमाणावर पुढे नेणारा अहवाल म्हणजे मिशिगन विद्यापीठातील स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली सादर केलेला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या ४१२७ मुलांची ८७ प्रकारची मापे आहेत. ती शिंप्याची मापे नव्हेत. बोटाची जाडी, हाताची पकड, शरीराचा गुरुत्वमध्य अशी, म्हणजे वस्तूशी जेथे गाठ पडते त्या जागांची मापे त्यात आहेत. अहवालाचे खरे मोल मला येथे वाटते.

त्याच्या वापरात मात्र एक चूक वारंवार होते. १०० मुले लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने उभी केली, तर पाचव्या मुलाचे माप म्हणजे पाचवे शततमक. तक्त्यात प्रत्येक मापाची शततमके वेगळी दिलेली असतात. पाय आखूड असलेल्या मुलाचे हातही तितकेच आखूड असतील असे नाही. तेव्हा सर्व ‘पाचवी’ मापे जुळवून जे मूल कागदावर तयार होते, ते कोणत्याच वर्गात भेटत नाही. ‘सरासरी’ मुलाचेही तेच. शिवाय ही मुले १९७० च्या दशकातील अमेरिकेतील. त्यांचे आकडे जसेच्या तसे उचलून आपल्या बालवाडीचे फर्निचर करू नये. उचलायचा तो प्रश्न विचारण्याचा क्रम.

तो आपल्या शाळेतील बाकाला लावून पाहू. बैठक उंच झाली की पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते, मूल पुढे सरकते आणि पाठीचा टेकू सुटतो. बैठक थोडी ठेंगणी झाली तर उंच मुलाचे गुडघे वर येतात, एवढेच. म्हणून बैठकीची उंची वर्गातील ठेंगण्या मुलांवरून ठरवावी. परंतु डेस्कखाली मांड्यांसाठी जागा सोडायची ती थोराड मुलांवरून! एकाच बाकात ओळीची दोन्ही टोके लागतात. युरोपातील ईएन १७२९ या मानकात १०८ ते १२१ सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी ३१ सेंटिमीटर उंचीची बैठक सांगितली आहे. तेथेही उभ्या उंचीवरून पायाच्या लांबीचा अंदाजच केलेला आहे. तरी सर्व इयत्तांना एकाच मापाचे बाक देण्यापेक्षा तो पुष्कळच बरा.

पहिलीच्या वर्गात हे प्रत्यक्ष मोजता येईल. मुलाला पाऊल जमिनीवर सपाट टेकेल असे बसवा, आणि गुडघ्याच्या मागच्या लवणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने घ्या. सर्वांची मापे लहानापासून मोठ्यापर्यंत लिहून शेजारी बाकाची उंची मांडा. बाक बदलणे शाळेच्या हाती बहुधा नसते. पण उणे पडणाऱ्या अंतराइतकी उंच फळी पायांखाली ठोकणे हे सुताराचे तासाभराचे काम आहे.