लांडग्याशेजारची मुलगी : ग्युस्ताव्ह दोरेच्या एका चित्राविषयी

शार्ल पेरोच्या परीकथांची, ग्युस्ताव्ह दोरेच्या चित्रांनी सजलेली भव्य आवृत्ती पॅरिसच्या एत्झेल या प्रकाशकाने १८६२ मध्ये काढली. तिच्यात लाल टोपीवाल्या मुलीच्या कथेला तीन चित्रे आहेत. त्यांतले शेवटचे मनातून जात नाही. पलंगावर दोन डोकी शेजारी शेजारी आहेत : एक आजीची झालरीची टोपी घातलेल्या लांडग्याचे, दुसरे मोकळ्या केसांच्या मुलीचे. मुलगी त्याच्याकडे तिरके पाहते आहे आणि चादर अंगाशी ओढून धरते आहे. उघडा जबडा नाही, रक्त नाही.

मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम याने परीकथांवरच्या १९७६ च्या ग्रंथात या चित्राची दखल घेतली. मुलगी तिथून उठायला पाहत नाही, तिला तिटकाऱ्याबरोबर ओढही वाटते, असे त्याचे म्हणणे. मला ते पटत नाही. बेटेलहाइम मुलीचा चेहरा वाचतो, हात वाचत नाही. ओढ वाटणारी व्यक्ती मध्ये चादर आणत नाही. मुलगी हलत नाही, कारण हलल्यास काय होईल ते तिला आत्ता, याच क्षणी, उमगले आहे.

पेरोच्या १६९७ च्या कथेत हा क्षण नाही. तिथे मुलगी प्रश्न विचारत राहते आणि लांडगा तिला खाऊन टाकतो. तिला पोटातून जिवंत बाहेर काढणारा शिकारी नंतरचा, ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातला. पेरो शेवटी पद्यात तात्पर्य सांगतो : मुलींनी भलत्यासलत्याचे ऐकू नये. म्हणजे दोष मुलीचा. तिला काही कळले होते का, याची तो विचारपूस करत नाही.

ती दोरे करतो. अरण्यातल्या पहिल्या चित्रात हीच मुलगी लांडग्याकडे मान वर करून निर्धास्त पाहते. त्या नजरेपासून पलंगावरच्या नजरेपर्यंतचा प्रवास ही दोरेने पेरोच्या कथेत घातलेली भर आहे.

दोरे लाकडी ठोकळ्यावर थेट कुंचल्याने छटा भरत असे. खोदकार त्या छटांचे बारीक रेघांत रूपांतर करत. लांडग्याची लव, टोपीची झालर, चादरीच्या चुण्या हे सारे त्या एकाच जातीच्या रेघांनी विणलेले आहे. त्यामुळे वेषांतर आणि जनावर यांची सरहद्द चटकन सापडत नाही. मुलीला ती जशी हळूहळू दिसली असेल, तशीच ती आपल्यालाही दिसते.

मुले घाबरतील म्हणून लांडगा गोंडस काढण्याची रीत आता रुळली आहे. पण लांडगा गोंडस झाला की त्याला न ओळखणारी मुलगी नुसती वेडगळ ठरते. दोरेने त्याला लांडगाच ठेवले आणि मुलीची अक्कल शाबूत राहिली. ती वाचत नाही. पण फसवणूक तिने ओळखली होती, याला हे चित्र साक्षी आहे.