पाटीचे अक्षर आणि त्याचा खिळा

रोमन मुद्राक्षरांचे वर्गीकरण करताना ‘सेरिफ’चा, म्हणजे रेषेच्या टोकाशी काढलेल्या छोट्या आडव्या रेघेचा, निकष प्रथम लावतात. देवनागरीस तो जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्या लिपीत अलंकरणाचा भार शिरोरेषा, रेषेची जाडी आणि तिच्या टोकाचा छेद यांवर असतो. कॅथरिन ली श्मिट यांनी गेल्या दशकात सिद्ध केलेले ‘यात्रा वन’ हे ठळक शोभाक्षर या दृष्टीने परीक्षणीय आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून ते स्फुरलेले असल्यामुळे त्याची कसोटी ग्रंथाच्या पानावर नव्हे, तर स्थानकांच्या नावांवर लावणे उचित. कल्याणच्या पुढील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन नावे त्या कामी पुरेशी आहेत.

या अक्षराची रेषा ४५ अंशांत धरलेल्या कुंचल्याची आहे. त्या कोनात दंड व शिरोरेषा साधारण सारख्याच जाडीच्या उतरतात; तिरक्या रेषा मात्र एका दिशेने पुष्ट, तर दुसरीने कृश होतात. रोमन अक्षरे येथे देवनागरीच्या वळणाने घडविली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. एरवी रोमनच्या अंगरख्यात देवनागरी कोंबण्याचाच प्रघात फार!

‘बदलापूर’ घ्या. जाड अक्षरात ‘ब’च्या पोटातील रेघ बुजली, की ‘ब’ आणि ‘व’ यांतील भेद दुरून नाहीसा होतो. त्याहून नाजूक प्रश्न उकाराचा. ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावे, असे मराठीचे १९६२ चे लेखननियम सांगतात. हिंदीत ते ‘पुर’ होते. एकाच पाटीवर, एकाच लिपीत, दोन भाषांमधील भेद केवळ त्या लहानशा वळणावर उभा असतो, आणि तो चालत्या गाडीतून दिसला पाहिजे. शोभाक्षराचे सौंदर्य अशा भेदांच्या मुळावर येत असेल, तर ते भाषेच्या उपयोगाचे नव्हे.

‘उल्हासनगर’मध्ये निराळीच अडचण आहे. पाटीची लांबी पाहून रंगारी अर्धा ‘ल’ आखडतो, ‘ह’ किंचित पुढे सारतो. खिळ्याला हा निर्णय एकदाच व कायमचा घ्यावा लागतो. म्हणून ‘यात्रा वन’ने कुंचल्याचा कोन टिपला आहे, रंगाऱ्याचा विवेक नव्हे. शिवाय हे नगर फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसविलेले. देवनागरी सिंधीतील ॻ, ॼ, ॾ, ॿ या अक्षरांखाली आडवी रेघ येते. तिच्या खाली उकारही बसवावयाचा म्हटल्यास ठळक अक्षराची खरी परीक्षा होते.

‘अंबरनाथ’बद्दल फारसे सांगण्याजोगे नाही, अनुस्वाराचे टिंब शिरोरेषेला चिकटू नये, इतकेच. तेथील शिवालयातील शके ९८२ च्या शिलालेखाशी या अक्षराचे नाते जोडण्याचा मोह मात्र टाळावा. छिन्नीचा वंश निराळा. येथे परंपरा म्हणावयाची ती पिवळ्या फलकावर काळा रंग ओढणाऱ्या कारागिराची.

त्या कारागिराचे काम छापील फलकांपुढे मागे पडत आहे आणि पुढील पिढी या खिळ्यालाच त्याच्या हाताची साक्ष मानील, असा संभव आहे. तेव्हा जुन्या पाट्यांची छायाचित्रे जोडाक्षरवार जमविणे हे काम भाषाविभागांनीच हाती घेतले पाहिजे. दरम्यान ‘यात्रा वन’ दुकानाच्या नावाला, मुखपृष्ठाला, फलकाला खुशाल वापरावे. एकाच वजनात उपलब्ध असलेल्या या अक्षरात लग्नपत्रिकेचा संपूर्ण मजकूर जुळविणे मात्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर अन्याय आहे.